पहिल्या दोन भागांत कोणाच्या नावाची चिठ्ठी टाकावी?

ताई, तुमच्या देवगडच्या घरातला रिवाज मला फार आवडला. टीव्हीवर गाण्याची नवी स्पर्धा सुरू झाली की पहिल्या दोन भागांनंतर घरातल्या प्रत्येकाने तीन नावं चिठ्ठीवर लिहायची, चिठ्ठ्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकायच्या आणि अंतिम सोहळ्याच्या रात्री बरणी उघडायची. गेल्या तीन वेळा तुमच्या चिठ्ठीतलं एकही नाव शेवटच्या पाचांत पोचलं नाही, म्हणून तुम्ही विचारलंत की गाणं शिकवणारा माणूस पहिल्या गाण्यात नेमकं काय ऐकतो. तुमची दहा वर्षांची लेक गाणं शिकते, तिचा कान या खेळातून तयार होईल का, हेही विचारलंत. मी रत्नागिरीत २८ वर्षं गाणं आणि पेटी शिकवतोय, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना मुलं बसवतो, तालुक्या-जिल्ह्याच्या स्पर्धांत परीक्षकाच्या खुर्चीतही बसतो. त्या अनुभवावरून सांगतो. उत्तर लांबणार आहे, कारण माझ्याकडून या बाबतीत एक चूक झालेली आहे आणि तीही सांगायची आहे.

आधी एक गोष्ट घरात बोलून घ्या. चिठ्ठीवर तुम्ही कशाचं उत्तर लिहिता? सगळ्यांत चांगलं कोण गातं, जिंकणार कोण, आणि पुढचे चार महिने मला कोणाला ऐकायचंय, हे तीन प्रश्न निराळे आहेत. तुमचे यजमान बहुधा दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लिहीत असतील आणि तुम्ही पहिल्या. मग बरणी उघडल्यावर तुम्ही हरलात असं वाटतं. २००५ च्या ‘फेम गुरुकुल’मध्ये अरिजित सिंग होता आणि तो अंतिम फेरीआधीच बाहेर पडला. अमेरिकेतल्या ‘अमेरिकन आयडॉल’मध्ये जेनिफर हडसन २००४ साली सातवी आली, आणि २००७ मध्ये तिला अभिनयाचं ऑस्कर मिळालं. त्या वेळी ज्यांनी यांची नावं लिहिली असतील त्यांचा कान पक्का होता, चिठ्ठी मात्र चुकली. त्यामुळे तीन चुकलेल्या चिठ्ठ्यांवरून तुम्हाला गाणं कळत नाही असं मी म्हणणार नाही. तुमची ती तीन माणसं आज काय गातात ते एकदा शोधून ऐका.

माझं आजोळ कणकवलीकडचं. लहानपणी मामाबरोबर डबलबारीला जायचो. समोरासमोर दोन भजनी मंडळं, प्रत्येकाचा बुवा पेटीवर, शेजारी पखवाज, मागे झांजा आणि कोरस. रात्री सुरू झालेली बारी पार पहाटेपर्यंत चालायची. आम्ही पोरं पहिल्या पंधरा मिनिटांत बुवा ठरवून मोकळी व्हायचो. ज्याचा आवाज वर चढला तो आमचा. शेजारी बसलेले एक म्हातारे गृहस्थ मला म्हणाले होते, “घाई कित्याक करतस? बुवान अजून घसो गरम करूक नाय.” मध्यरात्र उलटली आणि सुरुवातीला वरच्या पट्टीत घसा ताणणाऱ्या बुवाचा आवाज बसला. दुसरा, जो तोवर मधल्या सप्तकात शांतपणे गात होता, गजराला असा उघडला की मंडप उठून बसला. टीव्हीवरची स्पर्धा तीन-चार महिने चालते. ती डबलबारीसारखी ऐकायला हवी. पहिल्या भागात कोण किती वर गेला यापेक्षा त्याने स्वतःजवळ किती राखून ठेवलंय, हे मी शोधतो.

ते ऐकायचं कसं? निवड फेरीत पुष्कळदा साथीशिवाय किंवा अगदी कमी साथीवर गाणं होतं. आमच्यासाठी हे सोन्यासारखं आहे. मुलाने पहिली ओळ गायली की लेकीला तिच्या पेटीवर त्याचा षड्ज, म्हणजे ‘सा’, शोधू द्या आणि तिथे बोट ठेवून थांबू द्या, भाता मात्र हलवायचा नाही. गाणं संपतासंपता मुखडा परत आला की हळूच सूर वाजवून बघा. गाणं तिथेच आहे का? पुष्कळ मुलं उत्साहात अर्ध्या सुराने वर सरकलेली असतात, काही खाली आलेली. मला चढलेल्याची फारशी काळजी वाटत नाही. ती भीती असते, धडधड असते, चार वेळा मंचावर उभं राहिलं की निघून जाते. उतरणाऱ्याच्या बाबतीत मी सावध होतो. तिथे बहुतेक वेळा श्वास अपुरा असतो, आणि श्वासाची सवय एका मोसमात बदलत नाही. अर्थात मधे कापाकापी करून गाणं जोडलेलं असेल तर ही परीक्षा घेऊ नका, त्या मुलावर अन्याय होईल.

साथ असेल तर सूर वाद्यांच्या आधाराने टिकून राहतो, मग दुसरीकडे कान द्यावा लागतो. दोन कडव्यांमधला वाद्यांचा तुकडा संपतो आणि गायक अंतऱ्याला उचल घेतो, तो क्षण मी कधी सोडत नाही. त्या तुकड्यात मुलगा काय करतो बघा. हात हलवतो, हसतो, परीक्षकांकडे पाहतो, की आतल्या आत लय मोजत श्वास भरून तयार राहतो? उचल नेमकी आली आणि पहिलं अक्षर पूर्ण सुरात लागलं, तर त्याने रियाज केलेला आहे, कोणीतरी त्याला नीट बसवून शिकवलेलं आहे. उचल चुकूनही जो पुढच्याच मात्रेला शांतपणे गाडी रुळावर आणतो त्याला मी त्याहून जास्त मानतो. चूक लपवायची घाई नाही, चेहरा पडलेला नाही. असं मूल पुढे आठ-दहा फेऱ्या सोसू शकतं.

मग साधी ओळ. प्रत्येक भावगीतात एक ओळ अशी असते की जिच्यात काहीच घडत नाही; गळ्याची नक्षी नाही, ना हरकत, ना मुरकी, तीन-चार सुरांत फिरणारी. बहुतेक स्पर्धक ती पुढच्या अवघड जागेकडे जायचा रस्ता म्हणून ओलांडतात. ती ओळ डोळे मिटून ऐका. शब्द कळतोय का? मराठीतला ‘ळ’ आणि ‘ण’ पूर्ण उमटतोय का? ‘चांदणं’ आणि ‘चंद्र’ यांतले दोन ‘च’ निराळे आहेत, ते निराळे ऐकू येतात का? ओळीचा शेवटचा सूर धरून ठेवलाय की श्वास संपला म्हणून टाकून दिलाय? मोठी तान पाठ करून येते, महिनाभर घोटली की दहा वर्षांचं मूलही ती घेतं. साधी ओळ पाठ करून येत नाही. तिच्यात मुलाने किती गाणं ऐकलंय ते सगळं येतं.

आता माझी चूक. पुष्कळ वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या भावगीत स्पर्धेत मी परीक्षक होतो. चाळीसच्या आसपास मुलं, दुपारची वेळ, पत्र्याखाली उकाडा. सहाव्या क्रमांकाच्या मुलाने दुसऱ्याच ओळीत अशी सपाट तान मारली की सभागृहात टाळ्या पडल्या. मी कागदाच्या कडेला त्याच्या नावापुढे चांदणी काढली. त्या चांदणीने पुढच्या तीस-पस्तीस मुलांचं नुकसान केलं, हे मला तेव्हा समजलं नाही; प्रत्येकाला मी त्या तानेच्या शेजारी ठेवून ऐकत होतो. उशिरा एक मुलगी आली, खाडीपट्ट्यातल्या गावची, आवाज जरा भरड. पेटीवाल्याने काळी चार ही पट्टी दिली. तिने मान हलवली आणि पांढरी पाच मागितली, म्हणजे अर्धा सूर खाली. ती ठाय, म्हणजे संथ, लयीत अभंग गायली, टाळी घेण्याजोगी जागा एकही घेतली नाही. मी तिला मध्यम गुण दिले. दुसऱ्या फेरीत त्या मुलाने वेगळं गाणं घेतलं आणि तान तीच, तशीच, जवळपास त्याच जागी. मुलीने दुसऱ्या फेरीत गवळण घेतली आणि तो भरड आवाज असा हलका केला की मी मान वर करून पाहिलं. तरीही पहिला क्रमांक मी मुलालाच दिला. चांदणी आधीच काढलेली होती.

दहा-अकरा वर्षांच्या मुलीला आपला सूर काळी चारवर ताणला जाईल हे कळत होतं, आणि अनोळखी माणसांसमोर तसं सांगायचं धैर्य तिच्यात होतं. माझ्या कागदावर त्यासाठी रकानाच नव्हता. पुढे ती चार वर्षं माझ्याकडे शिकली, आज नाट्यगीतं उत्तम गाते. त्या मुलाचं मात्र मला जास्त वाईट वाटतं. पुढची दोन वर्षं तो प्रत्येक स्पर्धेत तीच तान घेऊन यायचा, कारण आम्हीच तिला बक्षीस दिलं होतं. घाईने केलेल्या कौतुकामुळे तो तिथेच थांबला.

तेव्हापासून मी पहिल्या गाण्यावर गुणांच्या शेजारी फक्त एक प्रश्न लिहितो: याचं दुसरं गाणं कसं असेल? तुम्ही चिठ्ठी दुसऱ्या भागानंतर टाकता, हे त्या दृष्टीने फार चांगलं आहे. ज्याची दोन्ही गाणी ऐकायला मिळाली त्याच्या बाबतीत एवढंच तपासा की पहिल्या वेळी परीक्षकांनी सांगितलेली गोष्ट दुसऱ्या वेळी बदलली का. परीक्षक उभे राहिले, डोळ्यांत पाणी आलं, याकडे लक्ष देऊ नका. ‘शब्द तोडतोस’, ‘वरचा सूर ओढतेस’ असं काही नेमकं सांगितलं असेल ते लिहून ठेवा. आठवड्याभरात जो निम्मी चूक दुरुस्त करून येतो त्याच्या नावाची चिठ्ठी मी डोळे झाकून टाकेन.

आमच्या रत्नागिरीच्या मुलांबद्दल खास सांगायला हवं. इथे संगीत नाटकाचं वातावरण अजून आहे, घरोघरी नाट्यगीतं कानावर पडतात, भजनं तर आहेतच. त्यामुळे इथली मुलं सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत चमकतात. आवाजाला वजन असतं, फेक असते. मग कार्यक्रमात कोळीगीताची फेरी येते, लावणीची येते, एखादं नव्या चित्रपटातलं उडतं गाणं येतं, आणि त्या वजनाचंच ओझं होतं. शब्दावर जोर द्यायची सवय लागलेला गळा हलक्या लयीत मागे पडतो. म्हणून पहिल्याच भागात कोणी भारदस्त नाट्यगीत गायलं की मी त्याला मनापासून दाद देतो, चिठ्ठी मात्र राखून ठेवतो. तो सहज गुणगुणतो कसा, सूत्रसंचालकाने मधेच दोन ओळी म्हणायला सांगितल्या तर कोणत्या म्हणतो, हे मला आधी ऐकायचं असतं. तयारीशिवाय म्हटलेल्या त्या दोन ओळी मला ठरवून बसवलेल्या गाण्यापेक्षा जास्त सांगून जातात.

लहान मुलांच्या पर्वात आणखी एक गोष्ट असते, तिच्याबद्दल टीव्हीसमोर फारसं कोणी बोलत नाही. बारा ते चौदा या वयात मुलग्यांचा आवाज फुटतो. स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि काल लागत असलेला तार सप्तकातला सूर आज फाटतो. निवड फेरी ते अंतिम फेरी या काही महिन्यांतही हे होऊ शकतं. तेरा वर्षांच्या मुलाचा आवाज बोलताना मधेच घोगरा होतोय असं लक्षात आलं, तर तो पहिल्या भागात कितीही सुंदर गायला तरी पुढे त्याला पट्टी बदलावी लागेल, गाणी बदलावी लागतील. अशा मुलाला आवाज ताणायला लावणं मला सहन होत नाही. तो मागे पडला तर त्याची मेहनत कमी पडली असं घरातल्या मुलांसमोर बोलू नका, खरं कारण सांगा.

टीव्ही आपल्याला काय ऐकवतो, तेही ध्यानात घ्या. कार्यक्रम आधी चित्रित होतो, नंतर जोडला जातो. आवाज आणि वाद्यं यांचं मिश्रण, थोडा घुमारा, हे सगळं त्यानंतरही करता येतं. सूर सरळ करणारं ‘ऑटो-ट्यून’ सॉफ्टवेअर १९९७ पासून बाजारात आहे. कुठल्या कार्यक्रमात ते किती वापरतात याच्या चर्चेत मला जायचं नाही. म्हणूनच मी शब्द, श्वास आणि उचल यांवर एवढा भर दिला. दोन शब्दांमध्ये गायक किती थांबला, कुठे थांबला, हे सहसा तसंच पोचतं. निवड फेरीत कोणाच्या घराची, आईवडिलांची, गावची फिल्म पाच मिनिटं चालते आणि कोणाचं आख्खं गाणं अर्ध्या मिनिटात उरकतं, तेही बघा. फिल्म संपेपर्यंत आपण त्या मुलाच्या बाजूचे झालेलो असतो. ती माया खोटी नसते, पण ऐकण्याआधीच आलेली असते. मी फिल्म चालू असताना उठून पाणी पिऊन येतो.

क्रमाचाही परिणाम होतो. ब्रुसेल्सच्या क्वीन एलिझाबेथ पियानो स्पर्धेत अंतिम फेरी आठवडाभर चालते, आणि कोण कोणत्या दिवशी वाजवणार हे चिठ्ठ्या टाकून ठरतं. अर्थशास्त्रज्ञांनी तिचे निकाल तपासले तेव्हा आठवड्याच्या उत्तरार्धात वाजवणाऱ्यांचे क्रमांक सरासरीने वरचे निघाले. नावाजलेले परीक्षक असूनही असं होतं, मग दिवसभर दमून सोफ्यावर बसलेल्या आपलं काय! भागात शेवटी गाणारा मनात राहतो. दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या वेळी, पहिल्या आणि तिसऱ्या क्रमांकावर गाणाऱ्यांची गाणी पुन्हा लावून ऐका. हल्ली ती फोनवर सापडतात. तुमची एखादी चिठ्ठी तिथेच बदलेल.

जिंकणार कोण हे ओळखायचं असेल तर मात्र गाण्याबाहेर पाहावं लागतं. जिथे प्रेक्षकांची मतं मोजतात तिथे माणूस कुठला आहे, त्याच्या मागे किती लोक उभे राहतील, याला वजन येतं. २००७ च्या ‘इंडियन आयडॉल’मध्ये दार्जिलिंगच्या प्रशांत तमांगसाठी तिकडच्या डोंगराळ भागातल्या लोकांनी मतांची मोहीमच उघडली होती, आणि तो जिंकला. कोकणातल्या मुलासाठी गाव आणि मुंबईतले चाकरमानी, दोन्हीकडची माणसं फोन हातात घेतात. २००८-०९ चं ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’ तुम्हाला आठवत असेल. शेवटच्या पाच जणांत दोघं आपल्या किनाऱ्याची, रत्नागिरी जिल्ह्यातला प्रथमेश लघाटे आणि अलिबागची मुग्धा वैशंपायन. आर्या आंबेकर, रोहित राऊत, कार्तिकी गायकवाड असे बाकी तिघं. माझ्या वर्गातली सगळी मुलं प्रथमेशची होती. जिंकली आळंदीची कार्तिकी, आणि तिचा तो मोकळा, मातीतला आवाज आठवला तर कोणाला वाईट वाटायचं कारण नव्हतं. पुढे पाचही जण गात राहिले. त्या पाचांतल्या कोणाचंही नाव तुमच्या बरणीत असतं तरी मी ती चिठ्ठी बरोबर धरली असती.

आता तुमच्या लेकीबद्दल. होय, कान तयार होईल, पण तिच्याकडून नावं लिहून घेऊ नका. चिठ्ठीवर तिने फक्त एक जागा लिहायची: अमुक मुलीने अमुक शब्दावर घेतलेला श्वास, अमुक मुलाने सोडलेला शेवटचा सूर. मग पेटीवर ती जागा शोधायची, गाऊन बघायची. माझ्या वर्गातल्या मुलांना मी हेच करायला लावतो, आणि दोन-तीन महिन्यांत ती मला न सुचलेल्या जागा दाखवायला लागतात. आणखी एक विनंती. तिच्यासमोर टीव्हीवरच्या मुलाला ‘हा गेला’, ‘हिला काय येतंय’ असं म्हणू नका. ती त्या मुलांच्याच वयाची आहे. तिला ते स्वतःबद्दल ऐकू येतं. स्पर्धेला पाठवायचं का, हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो: अजून दोन वर्षं तरी नको. तोवर गावच्या भजनात कोरसला बसू दे. दुसऱ्याच्या सुरात सूर मिसळायला तिथे जसं शिकता येतं तसं एकट्याच्या क्लासमध्ये येत नाही.

या वेळची चिठ्ठी टाकताना तीन नावं तीन कारणांनी लिहून बघा. एक, ज्याची साधी ओळ तुम्हाला दुसऱ्या दिवशी काम करताना आठवली. दुसरं, जो चुकला आणि सावरला. तिसरं तुमच्या मनाला येईल ते, अगदी देवगडचं आहे म्हणून लिहिलंत तरी चालेल. प्रत्येक नावापुढे कारण लिहा आणि तारीख घाला. बरणी उघडल्यावर निकालाबरोबर ती कारणंही मोठ्याने वाचा, आणि जमलं तर मला कळवा. लेकीने कोणत्या जागा लिहिल्या ते मला खरंच वाचायचं आहे.